हौदातल्या माशांचा वैरी

लढाईच्या दिवसांतला उन्हाळा होता. सांगलीजवळ कृष्णेचं पात्र आटलं, तेव्हा खडकांतल्या डबक्यात तडफडणारे मासे मामंजींनी घागरीतून घरी आणले आणि परसातल्या हौदात सोडले. आमचं घर जैनांचं. मासा खाणं सोडाच, ताटावर त्याचं नाव काढायची सोय नव्हती. नदीला पाणी येईपर्यंत हे पाहुणे जगवायचेच, असं सासूबाईंनी मनावर घेतलं. कणकेच्या गोळ्या टाकताना त्या लेकरांशी बोलावं तसं माशांशी बोलायच्या. मी नवी सून, माझ्याशी इतकं गोड कधी बोलल्या नव्हत्या. खोटं कशाला सांगू, मला माशांचा हेवा वाटायचा.

मग मासे मरायला लागले. सकाळी एखादा पोट वर करून तरंगत असायचा. सासूबाईंचं अन्नावरचं मन उडालं. गडी म्हणाला, पाण्यातला साप असणार. मामंजींचा संशय खंड्या पक्ष्यावर आणि माझा शेजारच्या बोक्यावर, कारण आमच्या दुधावरही तोच टपलेला असायचा. हौदावर बाभळीच्या फांद्या टाकल्या, तरी मासे मरतच राहिले. शेवटी एक मेलेला मी हातात घेऊन पाहिला. नंतर आंघोळ करावी लागली, ते सोडा. अंग शाबूत, पण आतून रिकामं, चोखलेल्या आंब्यासारखं. बोका असा नीटनेटका जेवत नाही, आणि साप तर अख्खाच गिळतो. म्हणजे चोर पाण्यातच राहत होता.

दुपारी घर आडवं झालं की मी हौदाकाठी बसू लागले. एकदा हौदातल्या कमळाच्या देठाला चिकटलेलं वाळकं पान हललं. पान कसलं, बोटाएवढा किडा तो! पुढच्या पायांच्या चिमट्यात त्यानं मासा धरला होता आणि सुईसारखं तोंड त्याच्यात खुपसलं होतं.

मेला आला कुठून, ते दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्यात पाणी फडक्यातून गाळतात आणि फडक्यात राहिलेले बारीक जीव जिथलं पाणी तिथंच परत सोडतात. पण विहीर खोल गेलेली आणि सासूबाईंचे गुडघे धरलेले. वरून टाकले तर जीव आपटून मरतील, म्हणून उन्हाळाभर त्या ते फडकं हौदात हळुवार उलटं करत होत्या. त्या सकाळी फडक्यावर मला तिळाएवढं पोर दिसलं. तेच अंग, तोच चिमटा.

सांगू की नको, असं झालं. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी दोन्ही दाखवले, फडक्यावरचा आणि देठावरचा. सासूबाईंनी फडकं डोळ्यांजवळ धरलं, मग हौदात वाकून पाहिलं.

"म्हणजे मासे मीच मारले गं," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही जीव जगवलात. मोठं होऊन त्यानं काय खावं, ते काय तो तुम्हांला विचारून खातोय?"

रडता रडता त्यांना हसू फुटलं. किडे मारायचा तर प्रश्नच नव्हता. फडक्यानंच एकेक धरून आम्ही तांब्यात घेतला. तांब्या काही त्यांनी माझ्याकडं दिला नाही, पण विहिरीच्या पायऱ्या उतरताना पहिल्यांदाच सगळा भार माझ्या खांद्यावर टाकला. मी जपून एकेक पायरी उतरत होते. पाण्याशी वाकून त्यांनी तांब्या तिरका केला.

"जा बाबांनो," त्या म्हणाल्या. "काय खायचं ते खा, पण मला सांगू नका."