काचेचे दोन डोळे

माझं लग्न दोन काचांपायी मोडता मोडता राहिलं. खोटं वाटतं? घ्या, चहा घ्या, सांगतो.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होतं आणि अकोल्यात मोटार दिसली की लोक रस्त्यात थांबून पाहायचे. मी कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात कारकून. मालकाची काळी मोटार फाटकात उभी राहिली की माझं कामात लक्षच लागायचं नाही. शेवटी मी सागाच्या लाकडाची वीतभर मोटार करायला घेतली. चाकं झाली, टप झाला. अडलं ते पुढच्या दिव्यांपाशी. दिव्यांना आम्ही जिनातले सारे मोटारीचे डोळेच म्हणायचो. लाकडाचे करून रंगवले, तर मेलेल्या बकऱ्याच्या डोळ्यांसारखे दिसायला लागले.

मग जठारपेठेतल्या करीमचाचा अत्तरवाल्यांनी एक फुटकी कुपी दिली. तिचे तुकडे मी कोळशावर ठेवून फुंकणीनं फुंकत बसलो. काच वितळून तिचे फुगीर थेंब झाले, ते सहाणेवर घासले, मागं चांदीचा वर्ख लावला. काय सांगू, मोटार माझ्याकडे पाहायला लागली!

तसाच चाचांकडे गेलो. म्हटलं, "चाचा, दोनी डोळे बसवले. काचेचे. कोणाले ओळखूच येत नाही."

"मुबारक हो," चाचा म्हणाले.

दुकानात एक गृहस्थ लग्नासाठी गुलाबपाणी घेत होते. ते माझ्याकडे टक लावून पाहत राहिले. ते माझ्या होणाऱ्या बायकोचे मामा होते, हे मला काय माहीत? मुलगी पाहायला गेलो तेव्हा मी मुलीशिवाय दुसऱ्या कोणाकडे पाहिलंच नव्हतं.

दोन दिवसांत होणारे सासरे बार्शीटाकळीहून आमच्या घरी हजर. भाजीपाल्याचा मळा असलेला, मोजकं बोलणारा माणूस. वांग्यांची टोपली खाली ठेवली, पाण्याचा पेला हातात घेतला आणि माझ्या तोंडाकडे पाहत हळूच म्हणाले, "डोळ्याचं समजलं आमाले."

मला वाटलं, माझ्या कलेचं नाव पार बार्शीटाकळीपर्यंत पोचलं. मी असा फुललो!

"समजलं का? मी तं लग्नातच सगळ्यायले दाखवणार होतो."

"दोनी काचेचे?"

"दोनी. डावा जरासा पिवळा आहे, पण लांबून समजत नाही."

"आन पयले?"

"पयले लाकडाचे होते."

पेला त्यांच्या हातात तसाच राहिला. "काई तरास?"

"काईच नाही. झोपतानी काढून ठेवतो, धूळ बसते ना. एकडाव मायनं त्यातला एक झाडून फेकला, तं उकिरड्यातून शोधून आणला."

सासरे उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "देवाची मर्जी, बापू. त्यात तुमचा काय दोष."

आता यात देव कुठून आला? मी म्हटलं, "थांबा, पाहून तं जा," आणि आतून मोटार आणून त्यांच्यासमोर उन्हात ठेवली.

त्यांनी मोटारीच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांकडे. एकदम बोट माझ्या डोळ्याशी आणलं. मी डोळे मिचकावले. तसे ते मटकन ओसरीवर बसले आणि खांबाला धरून जे हसायला लागले, ते मायनं चहा आणला तरी थांबेनात. कशासाठी हसतात ते कळल्यावर मला तोंड लपवायला जागा पुरेना.

लग्न झालं. पुढं कितीतरी वर्षांनी, पोरं मोठी झाल्यावर, बायकोनं एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं.

"मामानं काचेच्या डोळ्याचं सांगतलं, तवा मी लगेच म्हटलं, असू द्या, हात धरून नेईन मी त्यायले. मंग बाबा अकोल्याहून आले. म्हणाले, डोळे चांगले आहेत, पोरगा लाकडाच्या मोटारीसंगं खेळते. तवा मात्र मी विचार कराले वेळ मागतला."