घोगरा आवाज

वाऱ्याने मोडलेली फणसाची फांदी गोठ्याचं दार अडवून छपरावर रेलली होती. कौलं करकरत होती. आत आमची गाभण गाय, आणि मागच्या खिडकीतून शिरून तिच्याजवळ बसलेले हे. सकाळपासून माझ्यावर खेकसत होते. बाहेर या म्हटलं, तर ‘नाही’सुद्धा खेकसूनच म्हणाले.

लाकूडतोड करणारा यशवंतदादा अंगणात बसून जुन्या चेनसॉचा कार्बोरेटर साफ करत होता. मशीन दोनदा अर्ध्या कापात बंद पडली होती. त्याने दोरी खेचली, कान जवळ नेला आणि बारीक स्क्रू केसभर पिळला. आवाज एकदम खणखणीत झाला.

"झालं! आता कापा," मी ओरडले.

त्याने स्क्रू उलटा फिरवला. आवाज पुन्हा घोगरा, अडखळता.

"रिकामी असताना गोड वाजली ना वहिनी, तर लाकडात भार आला की पेट्रोल कमी पडून जळते. घोगरीच असू दे."

घोगरेपणाला मी आयुष्यभर रागच समजत आले. पण साखळी फांदीत शिरली आणि भार येताच मशीनचा आवाज आपोआप स्वच्छ झाला. फांदी धाडकन अंगणात कोसळली. मशीन थांबली. त्या शांततेत गोठ्यातून गायीला समजावणारा ह्यांचा आवाज आला, हळू, निवळशंख: "घाबरू नको गं बाय, मी आहे ना."

मी धावत दारात गेले. "बाहेर या ना!"

"येतोय की! ओरडतेस कशाला?" हे खेकसले.

भार उतरला होता.