वेन्यामिनचं निळं पाणी

वेन्यामिन अर्काद्येविचला जगातलं सगळं येत होतं. काय येत नाही, एवढंच त्याला कधी कळलं नाही. रशियात, उरल पर्वताच्या उतारावरल्या वेर्खनी लोग गावात, पाइपांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत, त्याने तीस वर्षं बाटल्या धुतल्या. निवृत्त झाल्यावर बाटल्या विस्मरणात गेल्या आणि प्रयोगशाळा तेवढी उरली. "आम्ही केमिस्ट मंडळी..." असं त्याने सुरू केलं, की ऐकणारे टोप्या कानांवर ओढून घेत.

त्याची बायको रिम्मा जिल्हा रुग्णालयात नर्स होती. ओरडणारी आणि अजिबात न ऐकणारी माणसं तिने जन्मभर सांभाळली होती. त्यामुळे घरी आल्यावर ड्यूटी संपली असं तिला कधी वाटलंच नाही.

हिवाळ्यात सगळं गाव गाडीच्या काचेवर मारायला दुकानातलं न गोठणारं निळं पाणी वापरायचं. पाच लिटरचा कॅन आणायचा, बॉनेट उघडून टाकीत ओतायचा, विषय संपला. वेन्यामिनला ते कमीपणाचं वाटायचं.

"दुकानदाराने त्यात काय कालवलंय, ते त्याला तरी ठाऊक आहे का?" तो म्हणायचा. "माझ्या गाडीत माझंच पाणी जाणार."

त्याचं पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ, व्हिनेगर, भांडी घासायचा साबण, जीव तुटत तुटत ओतलेली पाव बाटली व्होडका, आणि रंगासाठी कपड्यांची नीळ. पहिल्याच हिवाळ्यात, भर हमरस्त्यावर, पुढच्या ट्रकने रस्त्यावरच्या बर्फ-मिठाचा काळा राडा काचेवर उडवला आणि वेन्यामिनने स्टिअरिंगजवळची पाण्याची दांडी ओढली. आतून मोटर नुसती कण्हली. थेंब आला नाही. खिडकीबाहेर मुंडकं काढून त्याने गाडी कशीबशी कडेला घेतली, स्वतःच्या फरच्या टोपीने काच पुसली आणि मग आठ दिवस तो घरात कुणाशी बोलला नाही. दोष व्होडकाचा होता म्हणे. हल्ली व्होडकात दम राहिलेला नाही.

ते आठ दिवस रिम्माला पुन्हा नको होते. पुढच्या वेळी त्याने टाकी भरली आणि तो दुपारचा आडवा झाला, तशी ती एनिमाचा रबरी फुगा आणि नळी घेऊन गॅरेजात गेली. हात सरावलेला होता. नवऱ्याचं रसायन तिने फुग्याने ओढून बादलीत काढलं, दुकानातला कॅन टाकीत रिकामा केला आणि गाडीत बसून दांडी ओढत राहिली. नळ्यांत राहिलेलं जुनं पाणी तसंच सोडलं तर तेच आधी गोठतं. व्हिनेगरचा वास जाऊन दुकानी अत्तराचा वास आल्यावरच तिने दार लावलं.

वेन्यामिनलाही तो वास आला. "पाहिलंस? थंडीत व्हिनेगरचा असा सुगंध होतो. याला म्हणतात केमिस्ट्री."

रिम्माने मान डोलावली. अशी ती अकरा हिवाळे मान डोलावत होती.

बाराव्या हिवाळ्याच्या तोंडावर, गावकरी गाड्या ठेवत त्या गॅरेजांच्या मंडळाने वेन्यामिनला अध्यक्ष केलं. दुसरं कुणी ते पद घ्यायला तयार नव्हतं, पण त्याच्या कानी हे आलं नाही. निवडून आल्या आल्या त्याने घोषणा केली, की यंदा कुणी दुकानात जायचं नाही. मंडळाचं पाणी मंडळ करेल.

रिम्माच्या हातातली कढई तशीच राहिली. "वेन्या, लोकांना आपापलं घेऊ दे ना."

"का? अकरा वर्षांत माझी काच एकदा तरी अडली?"

या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. नंतर त्याचा तिला फार पस्तावा झाला.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मंडळाच्या पाण्याचं पिंप भरलं. वेन्यामिनने कारखान्यातला जुना पांढरा कोट चढवला होता. लोक कॅन घेऊन रांगेत उभे राहिले.

"अर्काद्यिच, हे उणे तीसला टिकेल ना?" बसचालक फारितने विचारलं.

"उणे पस्तीस! आणि हलवू नकोस, त्याची रचना बिघडते."

डिसेंबरच्या दहा तारखेला सकाळी पारा उणे अठ्ठावीसवर आला आणि चाळीस गाड्यांच्या टाक्यांत निळा बर्फ झाला. फारितची टाकी मधोमध तडकली. कुणाची मोटर जळली. सत्तरीच्या कपितोलिना आजी निसरड्या रस्त्यावर वाळू टाकणाऱ्या ट्रकच्या मागे, काच माखून, आंधळ्या झाल्या आणि गाडीसकट बर्फाच्या ढिगाऱ्यात शिरल्या. त्या धड बाहेर आल्या, पण त्यांच्या तोंडून जे बाहेर आलं ते अर्ध्या गावाने पहिल्यांदाच ऐकलं.

दुपारी गॅरेजांच्या रखवालदाराच्या खोलीपुढे सगळे जमले. फारितने वेन्यामिनच्या गाडीचं दार उघडलं आणि दांडी ओढली. दोन झोकदार निळ्या धारा काचेवर आल्या.

सगळ्यांच्या माना वेन्यामिनकडे वळल्या.

"हरामखोर!" कपितोलिना आजी म्हणाल्या. "स्वतःला अस्सल आणि आम्हाला गटार!"

"चांगलं मागे ठेवलंस होय रे, अर्काद्यिच?" फारित म्हणाला. "आणि वर कोट घालून उभा होतास!"

वेन्यामिन त्या धारांकडे पाहत राहिला. आपलं पाणी आपल्याच गाडीत का चाललं, हे त्यालाही कळेना. त्याचा पडलेला चेहरा रिम्माला बघवला नाही. नवरा दीडशहाणा होता, पण लबाड नव्हता. ती पुढे झाली.

"थांबा. याने कुणाला फसवलेलं नाही. याच्या टाकीत दुकानातलंच पाणी आहे. मी घालते. अकरा वर्षं झाली. याचं पाणी गोठतं, म्हणून दर वर्षी ते मी आधीच काढून फेकते."

आता वेन्यामिनला सगळं कळलं. रिम्माला ते त्याच्या कानांवरून दिसलं. ते आधी पांढरे आणि मग लाल झाले. समोर दोनच वाटा होत्या, मूर्ख ठरायचं की चोर. त्याला फार वेळ लागला नाही.

"खोटं बोलतेय ती," तो ताठ होऊन म्हणाला. "मला वाचवायला बघतेय बिचारी. हो, अस्सल पाणी मी मागे ठेवलं. कृती माझी आहे. कुणाला काय द्यायचं ते मी ठरवेन."

रिम्माने हात टेकले. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिने हात कापलेले, पाय कापलेले पेशंट पाहिले होते. पण नाकासाठी सगळं धड कापून देणारा तिला हा पहिलाच भेटला.

अध्यक्षपद तिथल्या तिथे गेलं. हिवाळाभर त्याला कुणी रामराम केला नाही. पण जानेवारी सरता सरता लोक एकेकटे, मागच्या दाराने येऊ लागले. कुणी लोणच्याची बरणी आणली, कुणी सुकवलेली मासळी. आणि सगळ्यांत शेवटी, टोपी हातात घेऊन, फारित.

"झालं गेलं विसर, अर्काद्यिच. ते अस्सलवालं... नुसतं काय घालायचं एवढं सांग."

"दोन गोष्टी अशा आहेत, की त्या तोंडाने सांगता येत नाहीत," वेन्यामिन म्हणाला आणि मासळी ठेवून घेतली.

रिम्माने मात्र गाडीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. आता तीच गाडी चालवते आणि नवऱ्याच्या डोळ्यांदेखत दुकानातला कॅन ओतते. फेब्रुवारीत एकदा हमरस्त्यावर राडा उडाला, तिने दांडी ओढली, काच लख्ख झाली. शेजारी बसलेला वेन्यामिन पुढे वाकून बराच वेळ काच निरखत होता.

"बघ, कोपऱ्यात डाग राहतो," तो म्हणाला. "माझ्या पाण्यात राहत नसे."

रिम्माला गाडी कडेला घ्यावी लागली. हसू आवरेना, आणि डोळ्यांतल्या पाण्याने पुढचं काही दिसेना.