ज्योतिषीबुवांचा काटा तपासला त्याची गोष्ट

छटाकसाहेब आणि ज्योतिषीबुवा पहिल्यांदा समोरासमोर आले तेव्हा रस्त्यावरची कुत्री भुंकायची थांबली, टपाल कचेरीचं चार वर्षं बंद पडलेलं घड्याळ दोन मिनिटं चाललं, आणि समोरच्या इस्त्रीवाल्याची इस्त्री एका पँटवर तशीच राहून पँटला जन्माची खूण पडली, असं लोक सांगतात. यातलं पँटचं तेवढं खरं आहे.

साहेब दारात उभे राहिले आणि म्हणाले, "काटा दाखवा."

"कसला काटा?" बुवांनी विचारलं.

"ग्रहांचे खडे विकता ना? ते ज्यावर तोलता तो."

बुवा दाराएवढे रुंद, साहेब दाराच्या कडीएवढे उंच. साहेब वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक. अंगाने इतके लहानखुरे की बाजाराने त्यांचं नाव छटाक ठेवलं, आणि पुढे 'साहेब' जोडलं ते निव्वळ धाकाने. तीस वर्षं ते प्रमाण वजनांची लाकडी पेटी घेऊन दुकानादुकानांतून हिंडले. पेटी दिसली की भल्याभल्या वाण्यांची पाचावर धारण बसे. घरी पिठाचा डबा नुसता हातात तोलून ते सांगत, "ताई, पीठ परवापर्यंतच पुरेल." बुवांच्या काट्याला त्यांनी दोन तास छळलं, तो कणभर जास्त दाखवतो म्हणून सील केला, आणि बुवांनी त्यांना चहा पाजला. तिथून दोघांचं जे मेतकूट जमलं ते जमलंच. साहेबांची बुवांविरुद्ध तक्रार एकच होती, पण ती मोठी होती.

साहेब आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच घरात राहत. ताई चोपन्न वर्षांची. कोपऱ्यावरच्या विधुर बेकरीवाल्याने तिला लग्नाचं विचारलं होतं. साहेबांचा होकार होता, कारण त्या बेकरीतला पाव त्यांनी चोरून कितीदा तरी तोलला होता आणि तो दर वेळी पाच ग्रॅम जास्तच भरला होता. असा माणूस आपल्या बहिणीला काय कमी करणार? पण ताई पत्रिका घेऊन बुवांकडे गेली. बुवा म्हणाले, "जमत नाही." ताईने बेकरीवाल्याला नकार कळवला, आणि पुढे महिनाभर घरातल्या भाजीत मीठ पडलं नाही.

"बुवा, तुमचं शास्त्र मला तपासू द्या," अखेर साहेब म्हणाले.

"शास्त्र काय तपासायचं? ते काय दांडी मारतंय?"

"काटा खरा की खोटा हे मी कसं ओळखतो? त्यावर माझ्याजवळचं एक किलो ठेवतो. ते किलो आहे हे मला माहीत असतं, काट्याला नसतं. मी त्याच्या कानात सांगत नाही, बाबा रे, किलो ठेवलंय, तेवढंच दाखव."

"काट्याला कान असते तर तुमच्या भीतीने त्याने बरोबरच दाखवलं असतं."

"म्हणूनच तुम्हालाही सांगणार नाही."

बेत ठरला. वीस जोडप्यांच्या पत्रिका, नावं काढून टाकलेल्या. दहा जोडपी सुखाने नांदणारी, दहा फारकत झालेली. कोणती कुठली ते बुवांनी ओळखायचं. पंधरा बरोबर आली तर बुवा जिंकले. "आणि हे आधी लिहून द्या," साहेब म्हणाले, "मागाहून शनी आडवा आला म्हणायचं नाही." बुवांनी हसत हसत लिहून दिलं. माणूस सच्चा होता. गिऱ्हाइकांचा नसेल एवढा त्याचा स्वतःचा आपल्या विद्येवर विश्वास होता.

ताईने भांडी विसळता विसळता सांगितलं, "बुवा हरले तर मी बेकरीवाल्यांना हो म्हणेन. जिंकले तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

फारकतवाली दहा जोडपी दोन दिवसांत मिळाली. पत्रिकेबरोबर त्यांनी हकिकतीही दिल्या, न मागता, पाणीसुद्धा न पिता. सुखी दहा शोधताना मात्र साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळं बसवून विचारत, "तुम्ही सुखी आहात का?" कुलूपवाला म्हणाला, "अर्थात." त्याची बायको म्हणाली, "कोण म्हणालं?" पोस्टमास्तर आणि त्यांची बायको अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण एकमेकांच्या चपला दारात सरळ लावून ठेवत; यांना कुठल्या ढिगात टाकायचं? शिंपीणबाई "वीस वर्षं सुखी आहोत" म्हणाल्या, मग त्या प्रश्नाने अशा विचारात पडल्या की आठवड्याभरात भावाकडे राहायला गेल्या. उलट फारकतवाला गवंडी बायकोकडे तिची पत्रिका मागायला म्हणून गेला तो चार दिवस परतलाच नाही. पेटीतून बाहेर काढताच बदलणारी वजनं साहेबांनी जन्मात पाहिली नव्हती.

कशीबशी वीस भरली. मग साहेबांनी आपली खास खोडी केली. काट्यावर एकच वजन दोनदा ठेवून बघायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. बुवांना पत्रिका दोन गठ्ठ्यांत द्यायच्या होत्या, एक सोमवारी, एक गुरुवारी. साहेबांनी विसांच्या हिशेबाबाहेर ताईची आणि बेकरीवाल्याची पत्रिका दोनदा, वेगवेगळ्या शाईंत उतरवली. एक सोमवारच्या गठ्ठ्यात सरकवली, दुसरी गुरुवारच्या.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात निकाल लागला. बुवांची अकरा बरोबर आली. ताईने गंमत म्हणून प्रत्येक जोडप्यासाठी कोटाचं बटण उडवलं होतं. बटणाची बारा आली.

"जन्मवेळा चुकीच्या असणार," बुवा म्हणाले. "चार मिनिटं इकडची तिकडे झाली की सगळंच फिरतं."

"असेल. मग हे बघा." साहेबांनी दोन कागद पुढे केले. सोमवारच्या कागदावर बुवांच्या अक्षरात होतं, 'वर्षभरात फारकत.' गुरुवारच्यावर, 'सोन्यासारखा संसार.'

"ही कोणाची?"

"दोन्ही आमच्या ताईची. पत्रिका तीच, जोडीदार तोच."

बुवांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, कागद खिडकीपाशी नेऊन पाहिले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "सोमवारी माझी दाढ दुखत होती."

ताई एवढी हसली की तिला भिंत धरावी लागली. "आणि बेकरीवाल्यांची जन्मवेळ पहाटे चारची लिहिली आहे ना? ती खरी नाहीच. खरी कुणाला आठवत नव्हती. भट्टी चारला पेटते, म्हणून त्यांनी दिलं चार ठोकून."

साहेबांनी विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

"बुवांकडे जायच्या आधीच."

"मग सहा महिने त्या पत्रिकेला का धरून बसलीस?"

"नाही म्हणायला काहीतरी कारण हवं होतं, अरे. तुला एकट्याला टाकून जायचं जिवावर आलं होतं. साधा चहा तुला करता येत नाही."

"येतो मला चहा."

"साखर तोलत बसतोस, तोवर पाणी आटतं."

बुवांनी मान डोलावली. तो चहा त्यांनी प्यायला होता. साहेबांनी दोन्ही कागदांची नीट घडी घातली आणि म्हणाले, "तू शब्द दिला आहेस, ताई. अकरा म्हणजे पंधरा नव्हेत." ताई पदर खोचून तशीच बेकरीकडे गेली, आणि अर्ध्या तासाने सारी गल्ली फुकटचा पाव खात होती.

बुवांचं काही बिघडलं नाही. त्यांनी दारावर पाटी लावली, 'सरकारी निरीक्षकांनी तपासलेले'. त्यात खोटं काहीच नसल्यामुळे साहेबांना ती काढायला लावता येईना. गिऱ्हाईक दुप्पट झालं.

ताई आता बेकरीच्या वर राहते. साहेबांनी जेवणाचा डबा लावला आहे. डब्यातली भाजी रोज चाळीस ग्रॅम कमी भरते.