पॉइंटनाना आणि काकूचं विमान

नानांसमोर खिशातून नोट काढायची कुणाची बिशाद नव्हती. गेवराईच्या कापड दुकानात तुम्ही साडीचे पैसे द्यायला पर्स उघडली, की कुठून तरी एक हात यायचा आणि पर्स मिटायचा. "थांब, रोख देऊ नको." वळून पाहावं तर नाना. ते त्या दुकानात कशाला आले होते ते देवालाच ठाऊक. स्वतःचं निळं कार्ड मशीनला लावणार, आपल्याकडून तेवढीच रोकड घेणार आणि आपण पिशवी उचलायच्या आत पुढच्या दुकानात घुसणार. मला कधीकधी इतका राग यायचा, की मी मुद्दाम लांबच्या दुकानात जायचे. तिथेही एकदा सापडले.

नाना म्हणजे माझे सख्खे चुलते. गेवराई डेपोला एसटीत कंडक्टर होते. अख्खी नोकरी उभ्याने झालेली, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही त्यांना बसणं जमेना. जेवायला बसले तरी एक गुडघा वर, निघायच्या तयारीत. बोलता बोलता दारावर, खांबावर, ताटाच्या कडेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे. एसटीत घंटी एकदा वाजली की गाडी थांबते आणि दोनदा वाजली की निघते. नानांना थांबणं मानवत नसे. काकू वैतागून म्हणायची, "आवं, घराला तरी डबल बेल देऊ नका. हाय तितं ऱ्हाऊ द्या त्येला."

कार्डाचं खूळ त्यांच्या डोक्यात भरवलं ते बँकेतल्या एका पोराने. निवृत्तीचे पैसे नानांनी त्या बँकेत ठेव म्हणून ठेवले होते. पोरगा म्हणाला, हे विमान कंपनीचं कार्ड घ्या. पहिल्या तीन महिन्यांत यावर ठरलेला खर्च केलात, की वेलकम बोनस म्हणून एकदम इतके पॉइंट मिळतील, की एका माणसाचं जाऊन-येऊन विमानाचं तिकीट निघेल. एरवी नानांनी त्याला वाटेला लावलं असतं. पण त्याच आठवड्यात आसामहून सुमीचा फोन आला होता.

सुमी ही नाना-काकूंची एकुलती एक लेक. जावई फौजेत, नेमणूक गुवाहाटीला. सुमीला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी तिला प्रवासाची सक्त मनाई केली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत. लेक येऊ शकत नसेल तर आईने जायला हवं. तारीख दिवाळीनंतरची. दिवाळीच्या गर्दीत रेल्वेचं आरक्षण मिळायची खात्री नव्हती, आणि मिळालं असतं तरी काकूच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपणारा नव्हता. विमानाचं भाडं ऐकून नाना उठले आणि अंगणात दोन चकरा मारून आले. मी म्हटलं, "नाना, ठेव मोडा."

"ती हिच्या म्हातारपनाची हाय, तिला हात लावायचा न्हाई," नाना म्हणाले. "आन मला सांग, जलमभर लोकांची तिकिटं फाडली, सोताचं तिकीट कंदी काढलं का मी? पास होता. ह्यो बी पासच समज."

गावाला वाटलं, नाना कमिशन खातात. बघता बघता कंडक्टर नानांचे पॉइंटनाना झाले. कुणी पारावरून हाक मारायचं, "ओ पॉइंटनाना, आमच्या म्हशीला पेंड घ्यायची हाय, येता का?" नाना खरोखर जायचे. चेष्टा आहे की खरं, हे बघत बसायला त्यांना वेळ नव्हता. बरं, त्या पैशातला एक रुपया त्यांच्या खिशात मुक्काम करत नसे. कंडक्टरने दिवसाची जमा त्याच दिवशी डेपोत भरायची असते. त्या सवयीने ते लोकांकडून आलेली रोकड घेऊन रोज बँक उघडायच्या आधी पायरीवर उभे असत आणि कार्डाचं बिल भरून मोकळे होत. "दुसऱ्याचा पैसा घरात निजवायचा न्हाई," असं म्हणायचे. कार्डाची वर्षाची फी मात्र त्यांच्या पदरची गेली होती, आणि काकू ती रोज त्यांना भाकरीसोबत वाढायची.

आषाढाच्या तोंडावर कार्ड आलं. कुणाचं खत, कुणाच्या मोटारीचं वायंडिंग, कुणाच्या पोरीची कॉलेजची फी, नानांनी दिसेल ते त्यावर ओढलं. उरलेला आकडा एका दमात गाठायला त्यांनी शेजारच्या बबनची मोटारसायकल राखून ठेवली होती. बबनला गाडी घ्यायचीच होती. नाना त्याला रोज विचारायचे, रंग ठरला का बे? गणपती उठल्यावर ते कार्ड घेऊन त्याच्या दारात गेले. बबनचा बाप शांतपणे म्हणाला, "आता दसऱ्यालाच, नाना. पितरात गाडी कुनी घेतं व्हय?"

तिथे सगळं फसलं. कार्डाचे तीन महिने नेमके सर्वपित्री अमावस्येला संपत होते. नानांनी महिने मोजले होते, पंचांग बघितलंच नव्हतं. पितृपक्षात आमच्याकडे माणूस नवी चप्पलसुद्धा घेत नाही, मग फ्रीज, टीव्ही, सोनं कोण घेणार? "पितरात गाडी रिकामी पळती. जलमभर रिकाम्या गाड्या घेऊन बीड केलं मी," नाना माझ्या दारात उभे राहून म्हणत होते. "मंग मी हे कावून इसरलो गं?"

मग जी तगमग सुरू झाली ती बघवेना. सकाळी फोन, दुपारी चकरा, कुणाचा विम्याचा हप्ता आहे का, कुणाला दवाखान्यात पैसे भरायचेत का. एक दिवस त्यांना वाटलं, गाड्या काही थांबत नाहीत. म्हणून ते हायवेच्या पंपावर जाऊन उभे राहिले. येईल त्याचं डिझेल कार्डावर, येईल त्याचं पेट्रोल कार्डावर. उन्हाने चेहरा रापला, आवाज बसला. संध्याकाळी घरी आले ते खुशीत. मी शाळेत शिकवते म्हणून मला बोलावून म्हणाले, "मास्तरीन, बघ बरं, किती ऱ्हायलं." मी त्यांच्या फोनवर अटी उघडल्या. बोनससाठी इंधनाचा खर्च धरला जात नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

मी सांगितलं आणि नाना ओट्यावर बसले. दोन्ही पाय खाली टेकून, मांडीवर हात ठेवून बसले. टकटक नाही, काही नाही. काकू आतून डाळ निवडायचं सूप हातात घेऊनच बाहेर आली. "आवं, काय झालं? असं गप कावून बसलात?"

"तुला सुमीकडं पोचवायचं जमत न्हाई माज्यानं," नाना म्हणाले.

मला त्या माणसाचा भयंकर राग आला. कशाला हवं होतं हे सगळं? काकू मात्र त्यांच्याशेजारी टेकली आणि डाळीतले खडे काढत म्हणाली, "नवं न्हाई घेत लोकं. पन पितरं उपाशी ठिवत्यात का? तेल, गूळ, डाळ, तांदूळ कुनाला चुकलंय?"

नानांनी तिच्याकडे बघितलं, सुपाकडे बघितलं, आणि सुपाच्या कडेवर दोनदा टकटक केली.

दुसऱ्या दिवसापासून नाना घरोघर फिरू लागले. "तुमचं पितर कंदी?" गेवराईच्या ज्या किराणावाल्या शेटजींकडे कार्डाचं मशीन होतं, ते आधी कुरकुरले, मशीनवर कट जातो म्हणाले. "सगळं गाव तुमच्याकडं आनतो, मंग?" असं नानांनी म्हटल्यावर त्यांनी मशीन पुसून पुढे ठेवलं. कुणाच्या आज्याची खीर, कुणाच्या सासूचे वडे, कुणाच्या दिराची कढी-भजी, सगळ्याचं सामान निळ्या कार्डावर निघू लागलं. बबनचा बाप तिथे भेटला आणि म्हणाला, "नाना, मेलेल्याच्या जेवनावर पॉइंट खानार तुमी? पाप हाय बरं."

नाना म्हणाले, "माजा बाप जित्तेपनी उसाच्या ट्रकात मागं बसून कारखान्याला गेला. त्येची सून विमानात बसली तर त्येला वाईट वाटंल व्हय?" बबनच्या बापाने आपली यादी नानांच्या हातात दिली.

सर्वपित्रीच्या सकाळी आकडा भरला. कोजागिरीच्या सुमाराला पॉइंट जमा झाल्याचा मेसेज आला, आणि मी काकूचं तिकीट काढलं.

पुण्याच्या विमानतळापर्यंत आम्ही अर्थात एसटीने गेलो, नानांच्या पासावर. माझं तिकीट तेवढं काढलं. काकूच्या बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, ओवा, शेपा, टोपडी, दुपटी. दारावरचा जवान म्हणाला, तिकीट असेल तोच आत जाईल. नाना म्हणाले, "मी कंडक्टर हाय." त्याने मान हलवली. मग नाना रांगेकडे वळले आणि त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. फौजी बॅगवाला एक पोरगा हेरला, गुवाहाटीलाच निघाला आहे याची खात्री केली आणि म्हणाले, "दादा, एवढ्या बाईला गोहाटीला उतरवून द्या. पैल्यांदाच हाय." पोरगा जालन्याकडचा निघाला. त्याने काकूची बॅग घेतली. काकू आत जाताना वळून म्हणाली, "पिशवीत दशम्या हायत, खाऊन घ्या." नानांनी लोखंडी कठड्यावर दोनदा टकटक केली आणि काकू गेली. नाना मात्र हलेनात. विमान उडून गेलं असेल म्हटलं तरी हलेनात. माझेच पाय दुखायला लागले.

सुमीला मुलगा झाला तेव्हा काकू तिच्या उशाशी होती. नानांनी नातू फोनवर बघितला आणि लगेच दुसऱ्या बँकेचं कार्ड काढलं. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला आता स्वतः विमानाने जायचं होतं. पुन्हा तेच, दुकानादुकानांतून हात येऊ लागला. मलाही एक कार्ड घ्यायला लावलं. "माज्या मागं कोन करनार?" म्हणाले. मी म्हटलं, कुणी करू नये.

चैत्रात नाना गेले. डेपोत जुन्या सोबत्यांशी उभ्या उभ्या बोलत होते, तिथेच कोसळले. त्यांचं तेरावं झालं आणि त्यांच्या फोनवर मेसेज आला, बोनसचे पॉइंट जमा झाले. मी कार्डवाल्यांना फोन केला. तिकडची मुलगी फार हळू आवाजात म्हणाली, की ते पॉइंट माणसाबरोबरच संपतात, दुसऱ्याला देता येत नाहीत. काकूला सांगितलं तेव्हा तिने नानांचा फोन पदराने पुसला. म्हणाली, "म्हंजी संगं न्हेले त्यांनी."

यंदा पितृपक्षात नानांची भरणी होती, त्यांचं पहिलं पितर. मी आणि काकू सामान आणायला शेटजींकडे गेलो. तांदूळ, गूळ, हरभऱ्याची डाळ, तेल. शेटजींनी बेरीज केली. मी पर्स उघडून माझ्या कार्डामागच्या नोटा काढल्या. शेजारून एक हात आला आणि त्याने पर्स मिटली.

"थांब, रोख देऊ नको," काकू म्हणाली. "कावळा शिवायचा न्हाई."