नाल्याकडची दोन झाडं

बा गेल्यावर आम्ही तिघा भावंडांनी मोहाची झाडं वाटून घेतली. आमच्याकडे शेतीसारखी झाडांचीही वाटणी होते; ज्याच्या वाट्याचं झाड, त्याखालची फुलं त्यानंच वेचायची. गावालगतची चार थोरल्यानं आणि मी घेतली. नवरा वारल्यावर माहेरी परतलेल्या आमच्या मोठ्या बहिणीला नाल्याकडची दोन दिली. वर शहाणपणा मीच केला, "बाई, झाडं दूर हायेत, पण फूल लय पडते."

"पडते ना. मले चालते," बाई म्हणाली. तिला नाही म्हणता येत नसे, आणि आम्हाला ते पक्कं ठाऊक होतं. माय चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती.

मी जंगलात वनखात्याच्या रोजंदारीवर वाघांचे फोटो टिपणारे कॅमेरे झाडांना बांधतो. पट्ट्यांवरून वाघ कोणता ते ओळखतो. सिंदेवाहीहून कोणी साहेब आले की मोठ्या तोऱ्यात अक्कल पाजळायचो : तळ्याकाठची जागा वाघिणीची, तिथं पाणी, सावली, चितळं. जंगलात वाघ फार झाले, जागा तेवढीच. पोर मोठं झालं की मायच त्याला हाकलते. दुसऱ्याच्या हद्दीत शिरलं की मार खातं. मग सरकत सरकत गावाच्या कडेला येतं, डुकरांवर, गुरांवर जगतं. "बळी तो कान पिळी, साहेब!" म्हणून हसायचोसुद्धा.

त्या चैतात वाघाच्या अशाच एका पोराचा फोटो आमच्या नाल्यातल्या कॅमेऱ्यात निघाला. मी ऑफिसात कळवलं, गावाला सांगितलं, घरीही सांगितलं.

"मंग मी कुठी वेचू?" बाईनं विचारलं.

थोरला मान खाली घालून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला. मी म्हणालो, "दोन-चार दिवस थांब." मोह का कुणासाठी थांबतो? पडलेली फुलं चितळं खाऊन जातात. माझ्या झाडाखाली ये, एवढंच बोलायचं होतं. नाही बोललो. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दोन दिवस ती थांबली. तिसऱ्या दिवशी उजाडताच गेली. वाकून वेचणारं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं, हेही मीच लोकांना सांगत आलो होतो. आम्ही पोहोचलो तेव्हा टोपली अर्धी भरलेली होती, आणि बाई नाल्यात होती.

वाघ पिंजऱ्यात धरला तेव्हा पोटभर शिव्या द्यायला गेलो. बघतो तर बरगड्या वर आलेल्या, कान फाटलेला, पाठीवर दुसऱ्या वाघाच्या नखांचे ओरखडे. कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. आमच्या घरात बाई तशीच बसायची, दाराशी, कुणाला अडचण नको म्हणून. तसाच मागं फिरलो.

यंदा मोह पडायला लागला तसं मायनं विचारलं, "तिची झाडं आता कोणाले?"

थोरला म्हणाला, "मले नको." मीही तेच म्हणालो.

"काऊन?" माय माझ्याकडे बघत म्हणाली. "फूल तर लय पडते ना?"