बोलायच्या बाई

शाळेत ओठांवर बोट म्हणजे मुलांनी गप्प बसायचं, हे तुम्हा-आम्हाला पाठ आहे. बाई मात्र ते बोट स्वतःच्या ओठांवर ठेवायच्या. मुलाशी एक वाक्य बोलायचं आणि मग बोट ओठांवर ठेवून वाट बघायची. समोरचं पोर अडखळो, लाजो, खिडकीबाहेर बघो, बाई हलायच्या नाहीत. माझाच धीर सुटायचा. मी पोराचा शब्द पुरा करायला गेलो की त्या हळूच म्हणायच्या, "राहू द्या गुरुजी. त्याचा शब्द आहे, त्याला सापडू द्या."

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आळेफाट्यापासून आत, उसातल्या एका वस्तीवर माझी दोन खोल्यांची शाळा होती. ज्या मुलांना बोलण्याची अडचण आहे त्यांच्यासाठी बाई आठवड्यातून एकदा यायच्या. एस.टी.तून उतरून शाळेपर्यंत चालत. त्यांच्या कामाचं सरकारी नाव लांबलचक होतं. मुलांनी ते सोपं केलं : बोलायच्या बाई.

त्या काळात आमच्याकडे संध्याकाळ लवकर व्हायची. ऊस माणसापेक्षा उंच आणि त्यात वाघ. पुस्तकात त्याला बिबट्या म्हणतात, आमच्याकडे वाघच. आज या मळ्यात कालवड गेली, उद्या त्या गोठ्यात शेळी. आया पोरांना शाळेत सोडायला कोयता घेऊन यायच्या. मीही रस्त्यानं मोठ्यानं पाढे म्हणत चालायचो, आणि उसाचं पान जरा जास्त सळसळलं की माझा पाढा चुकायचा.

रूपाली पहिलीत होती. दिवेलागणीला ती घराच्या पायरीवर बसलेली असताना वाघानं तिच्या शेजारी बसलेलं कुत्रं उचललं. तिला ओरखडाही आला नाही. पण त्या दिवसापासून ती बोलायची थांबली. घरी नाही, शाळेत नाही. आजीनं देवऋषी केला, अंगारा लावला. वडील म्हणत होते, शाळा बंद करू. आई मला विचारायची, "गुरुजी, पोरीची वाचा गेली का वो? दोन फटकं दिलं तर बोलंल का?"

बाईंनी तिच्या आईला जवळ बसवलं. "ती हट्टानं गप्प नाही. भीतीनं तिचा गळा धरलाय. आपण ओढाओढ केली तर भीती आणखी आवळणार."

मग त्यांनी मला काही गोष्टी सांगितल्या. हजेरीला रूपालीनं नुसता हात वर केला तरी चालेल. तिला मैत्रिणीशेजारी बसवा, दारापासून लांब. "हे काय आहे?" असं विचारू नका, आपणच म्हणायचं, "अगंबाई, हा तर पेरू," आणि पुढं गप्प राहायचं. लाल खडू हवा की पिवळा, असं विचारून दोन्ही पुढं धरा. तिनं बोट दाखवलं तरी ते उत्तरच. आणि शेवटची गोष्ट : "ती बोललीच कधी, तर टाळ्या वाजवू नका. काही झालंच नाही असं वागा. सगळे वळून बघायला लागले की ती पुन्हा आत जाईल."

महिने गेले. बाई यायच्या, तिच्याबरोबर चिखलाची भांडी करायच्या, वाक्य बोलायच्या, बोट ओठांवर ठेवायच्या. रूपाली पिवळा खडू उचलायची आणि गप्प. मला वाटायचं, ही पोर आता अशीच राहणार.

शाळेला लागून असलेल्या मळ्यात ऊसतोड सुरू झाली, तेव्हाची गोष्ट. बाईंचा यायचा वार होता, दुपारची खिचडी नुकतीच झाली होती. एकाएकी तोडणीवाल्यांचा गलका उठला, "वाघ! वाघ! पोरं आत घ्या!" मी ओट्यावर आलो तर तो कुंपणाजवळून गेला. पिवळा, लांब, जमिनीला चिकटल्यासारखा. खिचडीच्या पत्र्याच्या खोलीमागं दिसेनासा झाला.

पोरं कशी आत कोंबली, मला आठवत नाही. बाईंनी खिडक्या ओढल्या, मी कडी घातली. त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. अंधाऱ्या खोलीत पोरांचे हुंदके आणि बाहेर पत्र्यावर काहीतरी घासल्याचा आवाज. दार जुनं होतं, कडी त्याहून जुनी.

तेवढ्यात बांगड्या वाजायला लागल्या. बाईंचे हात थरथरत होते. त्यांनी ते पदरात लपवले, तरी बांगड्या वाजतच राहिल्या. मग त्यांनी हात सरळ पुढे धरले.

"मला भीती वाटतेय रे," त्या म्हणाल्या. "बघा, हात कसे हलतायत."

मी डोळ्यांनी खुणावलं, पोरांसमोर हे कशाला? पण पोरं रडायची थांबली. एक म्हणाला, "बाई, माझं प्वाट दुकतंय." दुसरी म्हणाली, "माजं पाय गार पडल्यात." ज्याला त्याला स्वतःची भीती सांगायची होती.

रूपाली उठली. दारापासून लांबच्या कोपऱ्यातून ती दारापर्यंत आली, बाईंचा पदर धरला आणि खाली ओढला.

"बसा," ती म्हणाली. खरखरीत आवाज, गंजलेल्या बिजागरीसारखा. "बाई, खाली बसा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हो गं, बसते," म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. मी फळ्याकडे तोंड केलं. खडू हातात नव्हता, तरी फळ्याकडेच बघत राहिलो.

वनखात्याची माणसं आली, फटाके वाजले, वाघ दुसऱ्या उसात निघून गेला. आई धावत आली तेव्हा रूपाली पुन्हा गप्प होती. "खरंच बोलली का वो गुरुजी? का माज्या समाधानासाठी सांगताय?" तिचा विश्वास बसेना.

पुढच्या आठवड्यात बाई येणार नाहीत अशी माझी खात्री होती. त्या आल्या, चेहरा उतरलेला. मी विचारलं, "त्या दिवशी ते हात मुद्दाम दाखवलेत ना? पोरांनी बोलावं म्हणून?"

"कसलं मुद्दाम? हात थांबतच नव्हते माझे," त्या म्हणाल्या. "आजसुद्धा येताना दोनदा वाटलं, एस.टी.तून उतरावं आणि परत जावं."

रूपाली आधी त्यांच्या कानात बोलली, मग मैत्रिणीशी, मग घरी आईशी. सर्वांत शेवटी हजेरीला. तोवर उन्हाळा आला.

बाईंची नेमणूक तेवढीच होती. जूनपासून आमच्याकडे कुणी आलं नाही. त्यांना कुठं पाठवलं, तेही कळलं नाही. शेवटच्या दिवशी रूपालीची आई कोयता घेऊन त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला निघाली. मी ओट्यावर उभा होतो. दोन्हीकडचा ऊस तुटून गेला होता, त्यामुळं लांबपर्यंत दिसत होतं. पुढं आई, मागं बाई, आणि बाईंचा हात धरून रूपाली. कालवडीचं, मामाच्या गावचं, कसलं कसलं सांगत चालली होती. तिचा आवाज मला वळणापर्यंत ऐकू येत होता. बाई काहीच बोलत नव्हत्या.